नऊ कुवली धान्य आणि नाट्यगृहाचे वीजबिल

अलिबागेहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आक्षी नावाचे गाव आहे आणि त्या गावात एक शिळा आहे. तिच्या आसपासच्या रस्त्यांवरून सुटीच्या दिवशी शेकडो मोटारी किनाऱ्याकडे धावत असतात. तिच्यापाशी त्यांतील एखादीच थांबते. शिळेच्या माथ्यावर चंद्रसूर्य आहेत, मध्ये काही ओळींचा मजकूर आहे आणि खाली, वर्तमानपत्रात जिचे सविस्तर वर्णन करणे प्रशस्त होणार नाही अशी, गधेगाळ कोरलेली आहे. मजकुराचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा पुष्कळ अभ्यासक मानतात. काहींना हे वाचन मान्य नाही, आणि मराठीतील आद्य शिलालेखाचा मान आक्षीला द्यावा की अन्य कोणाला, या वादात शिरण्याचा अधिकार मला नाही. मला त्या लेखातील व्यवहाराचे कौतुक वाटते. कोंकणचक्रवर्ती केसिदेवराय याच्या महाप्रधानाने, भइर्जु सेणुई याने, महालक्ष्मीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य लावून दिले, एवढीच ती हकीकत. त्याने देऊळ बांधल्याचा त्यात उल्लेख नाही, सभामंडप उभारल्याचा नाही, कळस चढविल्याचाही नाही. बोडण आजही कोकणातील कित्येक घरांत भरतात. ते हातांनी कालवायचे, देवीला अर्पण करायचे आणि गाईला घालायचे, की संपले. मागे दाखवायला काही उरत नाही. जे करून संपते आणि म्हणून पुनःपुन्हा करावे लागते, अशा कृत्यासाठी त्या प्रधानाने तरतूद केली, आणि ती आपल्या पश्चात कोणी मोडू नये म्हणून चंद्रसूर्यांना साक्षी ठेवून खाली शिवी कोरविली. वारसांविषयीचा त्याचा अनुभव आपल्यापेक्षा फारसा निराळा नसावा.

नाटक, गाणे, भजन, नृत्य यांचा जातिधर्म बोडणासारखाच आहे. पडदा पडला की ते संपते. आणि तरीही, या किनाऱ्यावरील जी माणसे आयुष्यभर नाटकाच्या तालमींना बसली, पेटीच्या सुरावर ज्यांची संध्याकाळ गेली, जत्रेच्या नाटकासाठी मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याला ज्यांनी आपल्या ओटीवर निजावयास जागा दिली, त्यांच्यापैकी आपल्या मृत्युपत्रात एखाद्या नाट्यगृहासाठी, गायनशाळेसाठी, गावच्या कलामंदिरासाठी चार ओळी लिहून ठेवणारे मला फारसे आढळले नाहीत. देवळाला देणारे आहेत. शाळेला खोली बांधून देणारे आहेत, आणि ते योग्यच आहे. दवाखान्याला देणारे आहेत. कलेला मात्र आपण हयातीतच, हंगामापुरते, देतो. तिकीट काढतो, वर्गणी देतो, फारच झाले तर बक्षिसाची ढाल पुरस्कृत करतो, आणि मानतो की हिशेब चुकता झाला. यात कंजूषपणा आहे असे मी म्हणणार नाही. कला ही चैन, आणि चैनीची व्यवस्था मरणोत्तर करावयाची नसते, अशी काहीशी समजूत त्यामागे असावी. त्यातून 'मृत्युपत्र' हा शब्दच असा की तो घरात उच्चारला की म्हातारी माणसे देवाकडे पाहतात. अलीकडे वकील मंडळी 'इच्छापत्र' म्हणू लागली आहेत. शब्द सौम्य झाला, पण कागद अजून कोराच राहतो.

जे थोडे देणारे आहेत, त्यांच्या देण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी असते. कोणत्याही जुन्या संस्थेच्या सभागृहात मान वर करून पाहावे. पंख्याच्या पात्यावर तांबड्या अक्षरांत 'कै.' पासून 'यांचे स्मरणार्थ' पर्यंतचा मजकूर रंगविलेला असतो, जो पंखा बंद असेल तेव्हाच वाचता येतो आणि पंखा बंद असताना सभागृहात कोणी बसत नाही. बाके, कपाटे, घड्याळे, पिण्याच्या पाण्याची टाकी, सर्वांवर नावे. मी यांची थट्टा करीत नाही. पंखा देणाऱ्याने पंखा दिला आणि उकाड्यात त्याचे वारे सर्वांना लागले. परंतु तो पंखा फिरतो कशावर, त्या विजेचे देयक कोणाच्या स्मरणार्थ भरले जाते, हा प्रश्न त्या पात्यावर कोठेही लिहिलेला नसतो.

समुद्रकाठी हा प्रश्न देशावरल्यापेक्षा बिकट होतो. खारी हवा लोखंड खाते. पत्र्याचे खिळे, दिव्यांचे खांब, पडद्याच्या कप्प्या, विजेची जोडणी, सारे दोनतीन पावसाळ्यांत गंजून बसते. तबल्याची पाने सादळतात, पेटीच्या भात्याला बुरशी धरते, तंबोऱ्याचा भोपळा तडकतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरपासून अलिबागपर्यंत वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक सार्वजनिक इमारतींवर छप्पर उरले नाही. पुढे २०२२ च्या जूनमध्ये अलिबागचे पीएनपी नाट्यगृह आगीत सापडले. अशा आपत्तीच्या वेळी समाज धावून येतो, आणि यावाच. पण ज्या वर्षी वादळ येत नाही आणि आग लागत नाही, त्या वर्षीही नाट्यगृहाला घरपट्टी असते, विम्याचा हप्ता असतो, पहारेकऱ्याचा पगार असतो, आणि राज्य नाट्यस्पर्धेची तयारी करणाऱ्या हौशी मुलांना तालमीसाठी रात्री दहापर्यंत दिवा लागतो. या निरुपद्रवी वर्षांनीच संस्था मरतात. त्यांच्या मरणाची बातमीही होत नाही. दाराला कुलूप लागते आणि पुढच्या हंगामात तेथे लग्नाचे मांडवसामान ठेवलेले दिसते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या पश्चात कलासंस्थेला काही द्यावयाचे असेल तर भिंत, पंखा वा मखर देण्यापेक्षा भइर्जु सेणुईप्रमाणे नऊ कुवली धान्य लावून द्यावे. ठेव ठेवावी, तिचे व्याज चालू खर्चाला जावे, आणि तसे स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावे. स्पष्ट शब्दांचा हा आग्रह का, हे कळण्यासाठी मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहून समुद्रापलीकडे पाहिले तरी पुरे.

तेथे मुंबईत, मलबार हिलवर, मेहरानगीर नावाचा एक बंगला होता. डॉ. होमी भाभा तेथे राहत असत. त्यांचे बंधू जमशेद भाभा यांनी जे. आर. डी. टाटांच्या साहाय्याने १९६९ मध्ये राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र, म्हणजे एनसीपीए, स्थापन केले. नरीमन पॉइंटला समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर ते उभे राहिले, आणि आपले पु. ल. देशपांडे त्याचे काही काळ मानद संचालक होते. जमशेद भाभा २००७ मध्ये वारले आणि मेहरानगीर त्यांनी या केंद्राच्या नावे करून ठेवला. २०१४ मध्ये केंद्राने तो लिलावात काढला. ३७२ कोटी रुपयांना तो गेला. तेव्हा शास्त्रज्ञांनी आणि अणुऊर्जा खात्यातील कर्मचाऱ्यांनी, डॉ. भाभांचे घर हे राष्ट्रीय स्मारक व्हावे म्हणून उच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. लिलाव टळला नाही, आणि पुढे बंगलाही पाडण्यात आला. त्या वेळी पुष्कळांनी केंद्राला दोष दिला. माझे मत तेव्हाही निराळे होते. जमशेद भाभांनी घर वास्तू म्हणून सांभाळावयास दिले नव्हते, नाट्यसंगीताच्या एका संस्थेला मिळकत म्हणून दिले होते, आणि मिळकतीचे रूपांतर पैशात करून संस्थेने आपला संसार चालविला तर तिने दात्याच्या हेतूशी प्रतारणा केली असे म्हणता येत नाही. होमी भाभांचे घर राहावे ही इच्छा रास्त होती. परंतु ती मृत्युपत्रातच लिहिली गेली असती तर वादाला जागा उरली नसती. जे दान मोकळे असते त्याची फळे संस्थेला मिळतात आणि झळ वास्तूला लागते, हे दात्याने आधी ओळखून ठेवावे.

उलट्या बाजूचा दाखला बर्नार्ड शॉ यांचा आहे. १९५० साली मरण पावलेल्या या नाटककाराने आपल्या मृत्युपत्रात इंग्रजीसाठी नवी, निदान चाळीस अक्षरांची वर्णमाला निर्माण करण्याकरिता पैसा राखून ठेवण्यास सांगितले, आणि त्यानंतरचा अवशेष तीन संस्थांना वाटून दिला: ब्रिटिश म्युझियम, लंडनची राजेशाही नाट्यशिक्षण संस्था, आणि आयर्लंडचे राष्ट्रीय चित्रसंग्रहालय. या तिसऱ्या संस्थेचे कारण मला विशेष हृद्य वाटते. डब्लिनमधील बालपणी तेथील चित्रे पाहत हिंडताना आपले खरे शिक्षण झाले, अशी कृतज्ञता त्यांच्या मनात होती आणि साठसत्तर वर्षांनी ते ऋण त्यांनी फेडले. वर्णमालेची अट १९५७ मध्ये न्यायालयात टिकली नाही. साधे दान मात्र टिकले, आणि असे टिकले की त्यांच्या 'पिग्मॅलियन'वरून १९५६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेच्या स्वामित्वधनाचा ओघ त्या तीन संस्थांकडे वर्षानुवर्षे वाहत राहिला. त्याच 'पिग्मॅलियन'ची पु. लं. नी 'ती फुलराणी' केली. आमच्या तालुक्यात तिच्यातील स्वगत स्पर्धेत म्हणून दाखविले नाही अशी मुलगी शोधावी लागेल. त्या मुलींसाठी दिवा कोण लावतो, हा प्रश्न मी वर विचारलाच आहे.

आता कायद्याची बाब. ती थोडक्यात सांगतो, कारण भीतीचा मोठा भाग अज्ञानाचा असतो. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे करणाऱ्याची सही वा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन हवे. हिंदूला आपली स्वकष्टार्जित मिळकत वाटेल त्याला देता येते, आणि १९५६ च्या कायद्यापासून एकत्र कुटुंबातील आपला हिस्साही. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन या बाजूच्या कोकणी मुसलमानांना त्यांच्या शरियतीप्रमाणे, कर्ज व दफनखर्च वजा जाता उरलेल्या मालमत्तेच्या एकतृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. त्याहून अधिकाला वारसांची संमती हवी. एकतृतीयांश ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते. मुलांच्या तोंडचा घास काढला, हा आक्षेप तिने मुळातच निकालात काढला आहे. ख्रिस्ती माणसाची स्थिती २००३ पर्यंत विचित्र होती. कोर्लईच्या किल्ल्याखाली राहणारा, घरात पोर्तुगीज वळणाची आपली जुनी बोली बोलणारा एखादा कोर्लईकर, त्याला पुतण्या वा भाची जरी असली, तरी धर्मादाय कामाला मृत्युपत्राने काही देऊ म्हणेल तर ते मृत्युपत्र मरणापूर्वी किमान बारा महिने केलेले आणि सहा महिन्यांत कायद्याने ठरविलेल्या ठिकाणी जमा केलेले असावे लागे. खाडीपलीकडच्या रेवदंड्यातील त्याच्या हिंदू शेजाऱ्याला असे कोणतेही बंधन नव्हते. केरळातील जॉन वल्लमट्टम या धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ते ११८ वे कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध म्हणून रद्द केले. मरण बारा महिने आधी सूचना देऊन येत नाही, ही गोष्ट कायद्याच्या लक्षात येण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लागला.

आमच्या किनाऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे आणि ती वाडीची आहे. येथील माणसाची दौलत म्हणजे नारळ-पोफळीची वाडी. ती सातबाऱ्यावर शेतजमीन असते. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाण्यास मनाई आहे, आणि गुजरातेत लागू असलेल्या त्याच कायद्यासंबंधी २०२० मध्ये निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ही मनाई मृत्युपत्रालाही लागू आहे. तेव्हा 'माझी वाडी गावच्या कलामंदिराला' असे भावनेच्या भरात लिहून ठेवणारा मनुष्य कलामंदिराला वाडी न देता एक दावा देऊन जातो. तलाठ्याकडे फेरफार अडकतो, भाऊबंद हरकत घेतात, आणि कलामंदिराचे चिटणीस तारखांना जाऊन जाऊन थकतात. यापेक्षा वाडी वारसांकडेच जाऊ द्यावी आणि संस्थेसाठी बँकेतील ठेवीतून, विम्यातून, किंवा रीतसर खरेदीदाराला वाडी विकून येणाऱ्या रकमेतून ठरावीक हिस्सा काढून ठेवावा. तो देण्याची जबाबदारी मृत्युपत्रात नेमलेल्या व्यवस्थापकावर नावानिशी टाकावी. संस्थेचे नाव तिच्या नोंदणी क्रमांकासह लिहावे. ती बंद पडल्यास रक्कम कोणाकडे जावी, हेही लिहावे, नाहीतर दात्याच्या मनात काय होते याचा शोध धर्मादाय आयुक्तांना आणि न्यायालयाला घ्यावा लागतो.

विकण्याचा उल्लेख निघालाच आहे, तर एक कटू गोष्ट सांगून टाकतो. मांडव्याला मोटारी वाहणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, आणि या दोहोंच्या आधीपासूनच मुंबईचे धनिक आमच्या वाड्यांवर नजर ठेवून होते. ज्या गुंठ्याकडे आमच्या आजोबांनी ढुंकून पाहिले नाही, त्याला आज असा भाव येतो की सांगणारा संकोचतो. हा भाव आम्ही घाम गाळून मिळविलेला नाही. रस्त्याने, पुलाने, समुद्राने आणि गावाच्या गावपणाने तो आणून दिला आहे. वाडी विकून जो घबाड मिळवितो, त्याने त्यातील दहावा हिस्सा गावपण शिल्लक ठेवण्यासाठी खर्च केला तर मुलांच्या वाट्याला नऊ हिस्से उरतातच. आगरी लग्नांतून धवळे गाणाऱ्या धवलारिणी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत. त्यांच्यापाशी बसून ती गाणी शिकू इच्छिणाऱ्या दोन मुलींच्या वर्षभराच्या जाण्यायेण्याचा खर्च एखाद्या नव्या बंगल्याच्या फाटकापेक्षा कमी येईल.

हे सर्व संस्थांच्या बाजूने लिहिले म्हणून त्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असे कोणी समजू नये. आमच्याकडील एका गायनप्रेमी शिक्षकांनी आपली पेटी, दोन तंबोरे आणि नाटकांच्या जुन्या संहितांची पेटी एका मंडळाला दिली होती. नाव सांगत नाही, मंडळही सांगत नाही. चौथ्या पावसाळ्यानंतर मी ते सामान पाहिले, तेव्हा संहितांना वाळवी लागली होती आणि एक तंबोरा खिडकीला अडसर म्हणून लावलेला होता. वस्तू देणाऱ्याने तिच्या पोटगीची सोय केली नाही, आणि घेणाऱ्याने ती सोय न मागताच वस्तू घेतली. चूक दोघांचीही होती. वस्तूला घर आणि घराला चालक लागतो, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी चोंढीजवळ बामणसुऱ्याला जावे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा, त्या दशरथ पटेलांची चित्रे, मातीकाम व छायाचित्रे तेथे त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहेत. २०१० मध्ये निवर्तलेल्या या कलावंताने अखेरची वर्षे याच परिसरात काढली. गावच्या मंडळांनी एवढे करावे असे नव्हे; पण दरवर्षी हिशेब तपासून घ्यावेत, विश्वस्त बदलले की बदल-अर्ज वेळेवर दाखल करावेत, आणि कोणी काही देऊ केले तर 'याच्या देखभालीचे काय?' असे निर्भीडपणे विचारावे. असे विचारणारे चिटणीस मला उद्धट वाटत नाहीत. माझा पैसा त्यांच्याच हाती जावा असे वाटते.

माझे स्वतःचे मृत्युपत्र गेल्या महिन्यात वकिलांकडे दिले. रक्कम सांगण्याजोगी नाही. संस्थेसाठी जी तरतूद केली, तिच्यापुढे हेतूच्या रकान्यात मी 'वीजबिल व किरकोळ दुरुस्ती' असे लिहिले होते. मसुदा टंकलिखित होऊन परत आला तेव्हा त्या जागी 'कला व संस्कृतीच्या संवर्धनार्थ' असे भारदस्त शब्द होते. वकिलांचे म्हणणे, मूळ शब्द दस्तऐवजात हलके दिसतात. मी ते खोडून पुन्हा वीजबिल लिहिले आहे. एक साक्षीदार ठरला. दुसरे आमचे तबलजी, ते मुलाकडे पनवेलला गेले आहेत, परत आले की सह्या होतील.